आजी-नातीची पहिली ॲनिमेशन फिल्म: एक खोली, एक सुई, दोन मिनिटं

आजी आणि नातवंडाच्या नात्यावर छोटी ॲनिमेशन फिल्म करायची असं मनात आलं, की बहुतेक जण आधी चेहरे काढायला बसतात. आजीचा अंबाडा, चष्मा, नातीच्या दोन वेण्या. मीही तेच केलं होतं. दोन महिने वह्या भरल्या आणि गोष्ट एक पाऊलही पुढे सरकली नाही. म्हणून या लेखात चेहरे चौथ्या पायरीवर आहेत.

आजी आणि नात यांच्यातला ॲनिमेशनला सगळ्यात चांगला पेलणारा फरक वेगाचा आहे. नात एका श्वासात चार कामं करते, आजी एका कामाला चार श्वास लावते. ॲनिमेशन म्हणजे फ्रेम (पडद्यावर क्षणभर दिसणारं एकेक स्थिर चित्र) मोजून वेळ वाटून देणं, त्यामुळे हा फरक इथे अगदी नेमका दाखवता येतो. हे दोन वेग हळूहळू एकमेकांशी जुळतात, हीच तुमची फिल्म, असं धरून मी पुढच्या सगळ्या पायऱ्या लिहिल्या आहेत. नातीऐवजी नातू असला तरी काही बिघडत नाही. मी सोयीसाठी नात म्हणते.

पायरी १: आधी आकडा

सिनेमाचा रूढ वेग सेकंदाला २४ फ्रेम. दोन मिनिटांची फिल्म म्हणजे १२० सेकंद, म्हणजे २,८८० फ्रेम. हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये बहुतेक ठिकाणी एक चित्र दोन फ्रेम धरून ठेवतात, याला ‘टूजवर’ काम करणं म्हणतात. तसं केलं तरी १,४४० चित्रं होतात. दिवसाला २० धरली तर ७२ दिवस, आणि यात रंग, पार्श्वभूमी, आवाज काहीच आलेलं नाही. दोन्ही पात्रं एकदम हलत असतील तर काम जवळपास दुप्पट.

हा हिशेब कागदावर लिहून समोर चिकटवा. माझी पहिली संहिता सात मिनिटांची होती, त्यात चार ठिकाणं आणि एक पावसाचा प्रसंग होता. चौथ्या महिन्यात मी ती बाजूला ठेवली. त्यातल्याच एका प्रसंगाची पुढे पावणेदोन मिनिटांची फिल्म झाली, आणि ती पूर्ण झाली. पहिल्या खेपेला दोन मिनिटं, एक खोली आणि दोन पात्रं यापलीकडे जाऊ नका.

पायरी २: एक काम शोधा

प्रेम दाखवायचं म्हटलं की नवखे लोक मिठीकडे धावतात. मिठी काढायला अवघड असते (दोन शरीरं एकमेकांवर येतात, कुठली रेघ कोणाची ते कळेनासं होतं) आणि तिच्यातून नवीन काही समजतही नाही. त्याऐवजी दोघींना मिळून करता येईल असं एक छोटं काम शोधा. त्या कामात आजीला एक गोष्ट येत असावी, नातीला दुसरी, आणि दोन्ही लागत असाव्यात.

मी इथे सुईत दोरा ओवण्याचं उदाहरण शेवटपर्यंत वापरते. नात खेळायला निघाली आहे आणि शर्टाचं बटण तुटलं आहे. आजी सुई-दोरा घेऊन बसते, पण दोरा नेढ्यात जाईना. नात चुळबुळ करते, शेवटी सुई हिसकावून घेते, क्षणात दोरा ओवते आणि परत देते. आजी टाके घालायला लागते, सावकाश. नात बाहेर बघते, पाय हलवते. बटण जवळपास लागलेलं असताना दोरा नेढ्यातून निसटतो. नात पुन्हा हात पुढे करते, आणि या वेळी सुई हिसकावत नाही. ती आजीच्या हाताखाली आपला हात धरते, सुई स्थिर ठेवते, आणि दोरा आजीच ओवते.

बस, एवढंच. सुरुवातीला हिसकावणारा हात शेवटी आधार देतो. तुमच्या गोष्टीतही असा एक हात, एक नजर किंवा एक पाऊल शोधा, जे दोनदा येतं आणि दुसऱ्यांदा वेगळं असतं.

गोष्ट तीन वाक्यांत मावते का ते पाहा. मावत नसेल तर कापा. आणि एक मनापासूनची विनंती: शेवटी आजीला मारू नका. रिकामी खुर्ची, भिंतीवरचा फोटो, मोठी झालेली नात आणि पियानो, हे इतक्यांदा झालं आहे की प्रेक्षक तिसाव्या सेकंदाला ओळखतो. रडू येतंही, पण ते तुमच्या आजीसाठी नसतं. आजीला शेवटपर्यंत जिवंत, कामात गुंतलेली आणि थोडी हट्टी राहू द्या.

पायरी ३: खरे हात बघा

ही पायरी गाळली तर पुढे कितीही सुबक काढलं तरी फिल्म खोटी दिसते. घरातल्या किंवा ओळखीच्या एखाद्या वयस्क बाईला विचारून, तिच्या परवानगीने, ती सुईत दोरा ओवत असताना फोनवर चित्रीकरण करा. फोन स्टँडवर ठेवा, हातात धरू नका. एकदा चेहऱ्यासकट घ्या, एकदा फक्त हात. मग एखाद्या मुलीकडून तेच काम करून घ्या. दोन्ही चित्रफिती संगणकावर एकेक फ्रेम पुढे सरकवत बघा.

काय दिसतं ते सांगते. वयस्क बाई सुई डोळ्यांपासून लांब धरते, जवळजवळ हात ताणून, आणि उजेडाच्या दिशेने. मुलगी तीच सुई नाकापाशी आणते. याचं कारण डोळ्यात आहे: वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग कडक होत जातं, जवळच्या वस्तूसाठी त्याचा फुगीरपणा बदलता येत नाही, आणि साधारण चाळिशीत ते जाणवू लागतं. त्या चष्म्याला मराठीत ‘चाळिशी’ म्हणतात ते उगाच नाही. तुम्हाला यातून आयती रचना मिळते. आजीच्या शॉटमध्ये सुई चेहऱ्यापासून लांब, नातीच्या शॉटमध्ये अगदी जवळ, आणि शेवटच्या शॉटमध्ये सुई दोघींच्या मध्ये. हे कोणालाही शब्दांत सांगायची गरज नाही.

आणखी बघा. दोरा ओवण्याआधी आजी टोक ओलं करते, मग अंगठा आणि तर्जनी यांत पिळून टोकदार करते. नेढ्याजवळ आली की श्वास रोखते. चुकला की दोरा मागे घेते आणि सगळी तयारी पहिल्यापासून करते. मुलगी तसं करत नाही, ती त्याच जागी टोचत राहते. ओवून झाल्यावर आजी दोरा ओढून दोन्ही टोकं जुळवते आणि बोटाला वेढा घालून गाठ मारते. तो वेढा इतक्या सरावाचा असतो की तिथे तिचा हात एकदम तरुण होतो. हा क्षण सोडू नका. म्हातारपण म्हणजे सगळंच हळू, असं नसतं. हाताला सवय असलेल्या कामात आजी नातीपेक्षा वेगवान असते.

खुर्चीतून उठणंही टिपून ठेवा. वयस्क माणूस आधी पुढे सरकतो, हात गुडघ्यांवर किंवा खुर्चीच्या हातांवर टेकवतो, धड पुढे झुकवतो आणि मग वजन पायांवर घेतो. मूल खुर्चीवरून नुसतं घसरतं. मागे वळून बघताना आजीची मान आणि खांदे बरोबर वळतात, नातीची फक्त मान.

पायरी ४: आता चेहरे, आणि त्याहून जास्त हात

मोठ्या माणसाची उंची साधारण साडेसात डोकी धरतात. लहान मुलात डोकं प्रमाणाने बरंच मोठं असतं. कार्टूनमध्ये दोन्ही आकडे खाली आणता येतात, दोघींमधला फरक मात्र राखा. आजीला एक मूळ आकार द्या (समजा, खाली बसलेला त्रिकोण), नातीला दुसरा (उभी, बारीक, वर जाणारी). दोन्ही आकृत्या पूर्ण काळ्या रंगवून बघा. कोण कोणती आहे हे फक्त बाह्यरेषेवरून कळलं पाहिजे.

सुरकुत्यांचा मोह आवरा. चेहऱ्यावर काढलेली प्रत्येक रेघ तुम्हाला शेकडो वेळा पुन्हा काढायची आहे, आणि ती प्रत्येक चित्रात किंचित हलली की चेहऱ्यावर मुंग्या फिरल्यासारखं दिसतं. डोळ्याच्या कोपऱ्यात दोन रेघा आणि ओठाच्या कडेला एक, इतक्यात काम भागतं. वय रेघांपेक्षा पाठीच्या बाकातून आणि हालचालीतून जास्त कळतं.

दोघींना एक गोष्ट सारखी द्या. नाकाची ठेवण चालेल, पण सवय दिलीत तर उत्तम, कारण सवय हलते. माझ्या फिल्ममध्ये दोघी लक्ष लागलं की खालचा ओठ दातांखाली धरतात. आधी आजी धरते, पुढे नात. नातीला माहीत नाही की ती आजीसारखं करते आहे, आणि प्रेक्षकाला माहीत आहे.

मॉडेल शीट, म्हणजे पात्र सगळ्या बाजूंनी कसं दिसतं त्याचा नमुना-कागद, करा: समोरून, तीन-चतुर्थांश, बाजूने, मागून. हातांची वेगळी शीट हवीच. सुई धरलेला, दोरा पिळणारा, गाठ मारणारा, मांडीवर टेकलेला, असे आजीचे सहा हात आणि नातीचे सहा. या फिल्ममध्ये हात हीच तिसरी आणि चौथी पात्रं आहेत.

पायरी ५: स्टोरीबोर्ड आणि ॲनिमॅटिक

फिल्म खरी इथे घडते. साध्या काड्यांच्या आकृत्यांनी २५–३० चौकटी काढा, हाच स्टोरीबोर्ड. कागदाच्या चिठ्ठ्या वापरल्या तर क्रम बदलता येतो. संगणकावर हवं असेल तर स्टोरीबोर्डर नावाचं मोफत सॉफ्टवेअर चांगलं आहे. मग त्या चौकटी एडिटिंगच्या टाइमलाइनवर ठेवा, प्रत्येकीला किती सेकंद ते ठरवा आणि संवाद स्वतःच्या आवाजात भरा. यालाच ॲनिमॅटिक म्हणतात.

नवख्यांचं इथे हमखास चुकतं ते थांबण्यात. स्थिर चित्र बघताना आपल्याला कंटाळा येतो, म्हणून आपण सगळे शॉट लहान करतो, आणि आजीचा सावकाशपणा कापला जातो. ओवण्याचा पहिला प्रयत्न नऊ-दहा सेकंद द्या. प्रेक्षकालाही नातीसारखी चुळबूळ वाटली पाहिजे, नाहीतर ती सुई हिसकावते तेव्हा त्याला आतून पटणार नाही. वेळ वाचवायचाच असेल तर सुरुवातीच्या धावपळीतून वाचवा.

कॅमेरा दोघींच्या एकाच बाजूला ठेवा. आजी डावीकडे, नात उजवीकडे असं एकदा ठरलं की मधल्या शॉटमध्ये बाजू बदलू नका, नाहीतर कोण कोणाकडे बघतंय ते कळत नाही. एक युक्ती सांगते: सुरुवातीला दोघींना वेगवेगळ्या चौकटीत दाखवा, एका वेळी एक. पहिल्या ओवण्यानंतर एकत्र, पण मध्ये रिकामी जागा ठेवून. शेवटी हातांच्या क्लोजअपमध्ये जागाच उरत नाही.

ॲनिमॅटिक तयार झाल्यावर गोष्ट माहीत नसलेल्या दोघांना दाखवा आणि काही न बोलता त्यांच्याकडून ती ऐका. ‘आवडली का’ विचारू नका. ‘काय झालं?’ एवढंच विचारा. ‘नातीने आजीला मदत केली’ असं उत्तर आलं तर शेवट नीट पोचलेला नाही. ‘आजीने स्वतः ओवलं’ असं कोणी म्हणालं, तर पुढे जा.

पायरी ६: संवाद आधी ध्वनिमुद्रित करा

चित्रं आवाजावर बेतली जातात, म्हणून आवाज आधी. संवाद कमी ठेवा, दहा-बारा वाक्यं पुष्कळ झाली. घरात बोलतात तसं लिहा: ‘आजी, दे ना इकडे!’, ‘अगं, थांब की जरा’, ‘झालं का?’, ‘होतंय.’ नात आजीला अगंतुगं करणार, तेच गोड लागतं. ‘दुधापेक्षा दुधावरची साय’ असलं काही आजीच्या तोंडी घालू नका. प्रेमात असलेली माणसं प्रेमाबद्दल बोलत नाहीत, बटणाबद्दल बोलतात.

वेगाचा खेळ आवाजातही करता येतो. सुरुवातीला नात आजीचं वाक्य तोडते: आजी ‘आधी टोक जरा…’ म्हणते तोवर नातीचं ‘दे मी करते’ येतं. शेवटी आजी तेच वाक्य पुन्हा सुरू करते आणि या वेळी ते पूर्ण होतं.

आजीच्या आवाजासाठी खरी वयस्क व्यक्ती घ्या. तरुण माणसाने आवाज थरथरवून काढलेली आजी लगेच ओळखू येते. वाक्यं पाठ करायला लावू नका. प्रसंग सांगा आणि हातात खरोखर सुई-दोरा द्या. काम करता करता बोललेल्या वाक्यात जो मधला श्वास येतो, तो सांगून आणता येत नाही. जाड पडदे, गाद्या, कपड्यांनी भरलेलं कपाट असलेली खोली निवडा, पंखा बंद करा, ४८ किलोहर्ट्झवर ध्वनिमुद्रण करा. आवाज स्वच्छ करायला ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर पुरेसं आहे. निघण्याआधी त्या खोलीतली तीस सेकंदांची नुसती शांतता मुद्रित करून ठेवा, पुढे वाक्यांमधल्या फटी बुजवायला ती लागते.

पायरी ७: साधन

यात फार वेळ घालवू नका. हाताने काढायचं असेल तर क्रिटा, पेन्सिल टूडी, ओपनटून्झ आणि ब्लेंडरमधलं ग्रीस पेन्सिल, ही सगळी सॉफ्टवेअर मोफत आहेत. चित्रकलेची सवय आहे पण संगणकाची नाही, तर क्रिटापासून सुरुवात करा. चित्रं काढण्याचा धीर नसेल तर कागदी तुकड्यांची, सांध्यांवर फिरणारी पात्रं करून वरून फोन लावून स्टॉप मोशन करा, म्हणजे पात्र थोडं थोडं हलवून दर वेळी फोटो घ्या. तिथे एकेका हालचालीचे दोन-दोन फोटो घेतले की तेच टूज झाले. कागदी पात्रांना चेहऱ्यावरचे बारीक भाव जमत नाहीत, पण हातांची गोष्ट त्यांना छान जमते.

पायरी ८: हालचाल

डिस्नी स्टुडिओतल्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ मध्ये ॲनिमेशनची १२ तत्त्वं एकत्र मांडली, ती कुठेही वाचायला मिळतील. या फिल्मसाठी त्यातली दोन उशाशी घेऊन झोपा: टाइमिंग आणि हालचालीची सुरुवात-शेवट संथ करणं. त्यांच्या जोडीला स्पेसिंग समजून घ्या. टाइमिंग म्हणजे हात इथून तिथे जायला किती फ्रेम; स्पेसिंग म्हणजे मधली चित्रं एकमेकांपासून किती अंतरावर. चित्रं जवळजवळ असली की हालचाल हळू, लांब असली की झपाट्याची.

चालण्यापासून सुरुवात करा, कारण तिथे आकडे ठरलेले आहेत. २४ फ्रेमच्या वेगात सहज चालीचं एक पाऊल १२ फ्रेमचं. उड्या मारत येणाऱ्या नातीला ८ फ्रेम द्या. थकलेल्या किंवा वयस्क माणसाला २०. टूजवर काम करताना नातीच्या एका पावलाला चार चित्रं, आजीच्या पावलाला दहा. आजीचं पाऊल लहान ठेवा आणि पाय जमिनीपासून थोडाच उचलू द्या. दोघी एका चौकटीत चालल्या, की नात दोन पावलं पुढे जाऊन थांबते, आजी पोचते, नात पुन्हा पुढे. या एका शॉटमध्ये तुमची निम्मी ओळख करून होते.

आता हात. नातीचं हिसकावणं ६ फ्रेममध्ये, म्हणजे तीन चित्रांत. त्याआधी मात्र दोन चित्रांत हात किंचित मागे घ्या, नाहीतर हिसकावणं डोळ्याला दिसतच नाही. आजीचा दोरा नेढ्याकडे जातो तो प्रवास ४० फ्रेमचा करा आणि त्याची वाटणी अशी ठेवा: पहिलं तीन-चतुर्थांश अंतर सहा-सात चित्रांत, उरलेली सगळी चित्रं शेवटच्या बोटभर अंतरात. थरथर फक्त तिथेच. पूर्णवेळ थरथरणारा हात आजार वाटतो. ‘वर-खाली-वर-खाली’ अशी दोन चित्रं आलटून पालटून लावलीत तर यंत्र वाटतं. एकदा वर, एकदा तिरकं, एकदा दोन चित्रं स्थिर, असं असमान ठेवा.

स्थिर बसलेलं पात्रही पूर्ण गोठवू नका. एकाच चित्रावर दोन सेकंद थांबलं की पात्र मेल्यासारखं वाटतं. तेच चित्र तीनदा वेगवेगळं गिरवून आलटून पालटून लावा, रेघेला जीव येतो. त्याहून चांगलं म्हणजे श्वास द्या, आणि माझ्या मते या फिल्मचं गुपित तिथे आहे. धावत आलेल्या मुलीचा श्वास मिनिटाला ३० धरला, तर एक श्वास दोन सेकंदांचा, म्हणजे ४८ फ्रेम. शांत बसलेल्या मोठ्या माणसाचा मिनिटाला १५, म्हणजे ९६ फ्रेम. पहिल्या शॉटमध्ये नातीचे खांदे ४८ फ्रेमच्या लयीत वर-खाली होऊ द्या, मधल्या शॉटमध्ये ७२ करा, आणि शेवटच्या शॉटमध्ये दोघींचे खांदे ९६ वर, बरोबर एकाच फ्रेमला वर जाऊ द्या. दोरा नेढ्यात शिरताना दोघींचा श्वास रोखलेला असेल, आणि सुटेल तोही एकदमच. प्रेक्षकाला हे मोजून कळणार नाही, तरी तो तिथे स्वतःचा श्वास सोडतो. मी हे शेजारी बसून पाहिलं आहे.

डोळ्यांची उघडझाप सहा ते आठ फ्रेमची: बंद व्हायला दोन, बंद दोन, उघडायला तीन. ती कुठेही पेरू नका. मनात विचार बदलतो तिथे पापणी लवते. दोरा नेढ्यातून निसटल्यावर नात पुन्हा हात पुढे करते, मध्येच थांबते, पापणी लवते, आणि हात हिसकावण्याऐवजी तळवा वर करून येतो. फिल्मचा सगळा बदल त्या आठ फ्रेममध्ये घडतो, म्हणून तो शॉट चेहऱ्यावर ठेवा, तिथे हात दाखवू नका.

काम शॉटच्या क्रमाने करू नका. मधले सोपे शॉट आधी, मग शेवट, आणि पहिला शॉट सगळ्यांत उशिरा. चार महिन्यांत तुमचा हात सुधारतो, आणि प्रेक्षकाला पहिल्या दहा सेकंदांत तो सुधारलेला हात दिसायला हवा.

प्रत्येक शॉटचं वेगळं फोल्डर, फाइलच्या नावात शॉटचा आणि आवृत्तीचा क्रमांक. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. माझी एकुलती हार्ड डिस्क बंद पडली तेव्हा गाठ मारण्याचा शॉट गेला, एकवीस दिवसांचं काम. पुन्हा काढलेला शॉट पहिल्याइतका चांगला झाला नाही, अजून मला तो खुपतो.

पायरी ९: रंग आणि पार्श्वभूमी

पार्श्वभूमी साधी ठेवा: खिडकी, खुर्ची, उजेड. खोलीचे रंग मवाळ घ्या आणि दोऱ्याला एकट्याला भडक रंग द्या, म्हणजे इतकी बारीक वस्तूही डोळा शोधतो. सुई आणि नेढं खऱ्यापेक्षा मोठं काढायला घाबरू नका. चित्र करड्या छटांमध्ये बदलून बघा. तिथे हात आणि कपडा वेगळे दिसत नसतील तर रंग कितीही सुंदर असले तरी बदलावे लागतील. खिडकीचा उजेड सुरुवातीपासून शेवटपर्यंत थोडा खाली सरकवा. वेळ गेला आणि नात खेळायला गेली नाही, हे त्यातून कळतं.

पायरी १०: ध्वनी

कपड्यातून दोरा ओढल्याचा ‘सर्र’ आवाज, सुई बोटांत फिरल्याचा, खुर्चीचा करकर आवाज, हे सगळं घरी मुद्रित होतं. दोरा जाड कापडातून ओढा आणि माइक अगदी जवळ ठेवा. बाहेरून मुलांच्या खेळण्याचा आवाज सुरुवातीला मोठा ठेवा, मग हळूहळू इतका कमी करा की शेवटी तो कधी थांबला ते आठवू नये.

संगीत शेवटी आणि थोडं. दोरा ओवण्याच्या क्षणाखाली ते घालू नका. दुसऱ्याचं संगीत वापरायचं तर लक्षात ठेवा, रचनेचे हक्क वेगळे आणि ध्वनिमुद्रणाचे वेगळे, दोन्हीची परवानगी लागते. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याचं (निर्मात्याने ठरावीक अटींवर सगळ्यांना वापरू दिलेलं) संगीत मोफत असतं, पण अटी वाचा: ‘बीवाय’ असेल तर श्रेय द्यावं लागतं, ‘एनसी’ असेल तर व्यावसायिक वापर नाही, आणि ‘एनडी’ असेल तर ते फिल्मच्या चित्रांना जोडताच येत नाही, कारण तसं जोडणं हे रूपांतर मानलं जातं.

पायरी ११: बाहेर काढणं

थेट व्हिडिओ बनवू नका. आधी पीएनजी चित्रांची मालिका काढा. मध्येच संगणक बंद पडला तर झालेल्या फ्रेम वाचतात. मग १९२० बाय १०८०, सेकंदाला २४ फ्रेम, एच.२६४ (व्हिडिओ दाबून लहान करण्याची पद्धत) मध्ये एमपी४. श्रेयनामावली वीस सेकंदांच्या आत आटपा आणि ज्यांच्या हातांचं चित्रीकरण केलंत त्यांचं नाव, त्यांची हरकत नसेल तर, त्यात घाला. सबटायटल वेगळ्या एसआरटी फाइलमध्ये (ओळी आणि त्यांच्या वेळा लिहिलेली साधी मजकुराची फाइल), एका वेळी दोन ओळींपेक्षा जास्त नको. महोत्सवांना पाठवायचा विचार असेल तर फिल्म इंटरनेटवर टाकण्याआधी त्यांचे नियम वाचा. काहींना आधी कुठेही न दाखवलेली फिल्मच हवी असते.

आणि पहिला खेळ त्या बाईसाठी करा, जिचे हात तुम्ही पाहून काढलेत. फोनवर दाखवू नका, मोठा पडदा आणि मोठा आवाज असू द्या, तिची चाळिशी जवळ ठेवा. माझ्या फिल्मच्या वेळी ती शेवटपर्यंत काही बोलली नाही, मग म्हणाली, ‘गाठ मारताना दोरा असा धरत नाहीत, या बोटावर घेतात,’ आणि उठून सुई-दोरा घेऊन आली. शॉटमधला तेवढा भाग सोळा चित्रांचा होता. मी तो परत काढला.